चिमिचुरी मिक्सरमध्ये का बिघडते

चिमिचुरी, म्हणजे भाजलेल्या मांसावर घालायचा अर्जेंटिनाकडचा हिरवा सॉस, पहिल्यांदा केली तेव्हा मी सगळं सरळ मिक्सरच्या लहान भांड्यात घातलं. पार्सलीची जुडी, लसणाच्या आठ पाकळ्या, व्हिनेगर, ऑलिव्ह ऑइल, मीठ. नेहमीच्या हिरव्या चटणीसारखं दोन मिनिटं फिरवलं. रंग असा सुरेख आला की फोटो काढला. मग बोट बुडवून चाखलं. आधी कापलेल्या गवतासारखं काहीतरी, मागून कडवटपणा, आणि शेवटी लसूण असा नाकात चढला की डोळ्यांतून पाणी आलं. रात्री पाहुणे जेवून गेले. कुणी काही बोललं नाही, पण वाटी जेवढी भरून ठेवली होती जवळपास तेवढीच परत आली. सकाळी फ्रिज उघडला तर तिचा रंग शेवाळी-खाकी झालेला.

साहित्यात काही चुकलं नव्हतं, प्रमाणही ठीकच होतं. घोटाळा इतकाच की तिला मी चटणी समजले. तीच पानं, तोच लसूण आणि तेच तेल सुरीने चिरून ठरावीक क्रमाने एकत्र केलं की निराळाच पदार्थ होतो. तो तसा का होतो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी कृतीचा कागद समोर लागत नाही.

चिमिचुरी मूळची अर्जेंटिना आणि उरुग्वेची. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिकडे गुरं नेली. पंपास म्हणतात त्या अफाट गवताळ मैदानांवर ती रानोमाळ वाढली, आणि घोड्यावरून त्यांच्या मागे फिरणाऱ्या गाउचोंचं जेवण म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस. त्यातूनच पुढे आला तो 'असादो', आजही तिथल्या रविवारचा कुळाचार म्हणावा असा. लाकडं एका बाजूला पेटवायची, निखारे तयार झाले की तेवढेच जाळीखाली ओढायचे. जाळीला बुएनोस आयरेसच्या उच्चारात 'पारिशा' म्हणतात. मांसाला वाटण नाही, मसाला नाही, फक्त जाडं मीठ. भाजणारा तो 'असादोर'. पानं वाढली की त्याच्यासाठी टाळ्या वाजवायची तिथे रीत आहे. (आपल्याकडे चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईसाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं मला तरी आठवत नाही. असो.)

नावाच्या कथा बऱ्याच. कुणी जिमी नावाच्या एका इंग्रज किंवा आयरिश माणसाचं श्रेय सांगतं, कुणी म्हणतं की स्पेनच्या उत्तरेकडल्या बास्क लोकांच्या भाषेत 'कसंही एकत्र केलेलं' अशा अर्थाचा जो शब्द आहे त्याचं हे रूप. ही दुसरी कथा मला आवडते, कारण मग चिमिचुरीचा सरळ मराठी अर्थ मिसळ असा होतो.

आता आत काय असतं ते पाहू. बारीक चिरलेली पार्सली, लसूण, वाळवलेला ओरेगॅनो, 'आही मोलिदो' नावाचा सौम्य लाल मिरचीचा भरड चुरा, रेड वाइन व्हिनेगर, तेल आणि मीठ. तिथे तेल पुष्कळदा सूर्यफुलाचं असतं. ऑलिव्ह ऑइलच हवं असा नियम नाही, आणि त्यामुळे खर्च निम्म्यावर येतो. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या ज्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं साठतात, तो ड्रॉवर उघडा. चिमिचुरीचा कोरडा अर्धा भाग तिथे आयता पडलेला आहे. फक्त ती मिरची 'आही मोलिदो'पेक्षा बरीच तिखट असते, म्हणून मी बेडगी मिरची बिया काढून खलबत्त्यात जाडसर कुटते. रंग चढतो, जीभ भाजत नाही.

मिक्सरकडे परत येऊ.

लसणाची अख्खी पाकळी नाकाशी धरून पाहा, वास जवळजवळ नसतो. ती चिरली की मिनिटाभरात घर भरतं. असं का? लसणाच्या पेशीत ॲलिन नावाचा एक पदार्थ असतो आणि त्याच पेशीत, पण वेगळ्या कप्प्यात, ॲलिनेज नावाचं विकर (एन्झाइम). दोघांमध्ये पातळ पडदा. सुरीने पडदा फाटला की दोघं भेटतात आणि त्यातून ॲलिसिन तयार होतं. लसणाचा झणका म्हणतो तो हाच. साहजिकच जितक्या पेशी फुटतील तितका झणका जास्त. पातळ काप केले तर सौम्य, बारीक चिरला तर मध्यम, किसला किंवा ठेचला तर जहाल. मिक्सरची पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात, त्यात बहुतेक पेशी फुटतात. ठेच्यात आपल्याला तेच हवं असतं. चिमिचुरीत आठ पाकळ्यांचा एकदम स्फोट कुणालाच नको असतो.

पानांचंही तसंच. गवत कापल्यावर जो ओला, हिरवा वास येतो तो पानाच्या पेशी फुटल्यावर विकरांच्या कामातूनच जन्माला येतो. सुरीने नीट चिरलेल्या पार्सलीत तो थोडासा असतो आणि ताजेपणा वाटतो. मिक्सरमध्ये तो इतका होतो की पार्सलीचा स्वतःचा मिरीसारखा, किंचित बडीशेपेकडे झुकणारा गंध त्याखाली गाडला जातो. त्यात चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल असेल तर आणखी एक भानगड. त्या तेलात मुळातच कडू चवीची पॉलिफेनॉल असतात, एरवी ती तेलातच गुंतून राहतात. वेगाने फिरवल्यावर तेलाचे अगदी सूक्ष्म थेंब होतात आणि तो कडूपणा जिभेला थेट लागतो. माझ्या पहिल्या वाटीतला कडवटपणा बहुधा तिथूनच आला होता.

मग आपली कोथिंबिरीची चटणी मिक्सरमध्ये कशी चालते? कारण तिचं काम वेगळं. तिला एकजीव व्हायचं असतं, ब्रेडला लागायचं असतं, भज्याला चिकटायचं असतं. तिच्यात ओलं खोबरं नाहीतर डाळं असतं, ते झणका शोषून घेतं, आणि ती बहुधा त्याच दिवशी संपते. चिमिचुरीचं उलट आहे. घासात कधी पान लागावं, कधी लसणाचा कण, मध्येच व्हिनेगरची चुणूक, आणि तेल सगळ्यांच्या मागे असावं. ती पळीने उचलली तर खाली तेलाचा ओघळ राहायलाच हवा. तेल आणि व्हिनेगर वेगळं झालं म्हणून घाबरू नका. ते वेगळंच राहतं, वाढताना चमच्याने हलवायचं.

मागच्या दिवाळीत आई आली होती. ओट्यावरचं भांडं पाहून म्हणाली, "अगं, ही वाटायची राहिलीय का?"

"नाही आई, ही अशीच असते. चिरूनच करतात."

"चिरून? मग विळी काढ ना. सुरीने काय खरडत बसलीयस!"

आणि तिचं खरं होतं. माझी सुरी बोथट होती. फळीकडे पाहिलं तर पार्सलीच्या खाली हिरवागार डाग. तो डाग म्हणजे पानातला रस, तो फळीला गेला म्हणजे वाटीतून गेला. धारदार पात्याने पान कापलं जातं, बोथट पात्याने ते चेंगरतं. आईने विळीवर बसून मुठीत जुडी घट्ट धरली आणि मेथी चिरावी तशी पाच मिनिटांत सगळी चिरून दिली. पाट जवळपास कोरडा. फळीवरचा हिरवा डाग ही माझी तेव्हापासूनची परीक्षा. डाग दिसला की आधी सुरीला धार.

चिरण्याआधी पानं पूर्ण कोरडी हवीत. धुतलेली जुडी पंचात गुंडाळून हलक्या हाताने झटकायची आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवायची. पानावर पाणी राहिलं तर तेल पानाला धरत नाही आणि सगळं पांचट लागतं. देठांपैकी जाड तेवढे काढा. बारीक देठात वास पानाइतकाच असतो, ते ठेवा. बाजारात इकडे बहुतेक कुरळ्या पानांची पार्सली मिळते. तिची चव सपाट पानांच्या पार्सलीपेक्षा जरा फिकी असते आणि ती तोंडात खरखरीत लागते, म्हणून ती अधिक बारीक चिरावी. इंग्लिश भाज्यांच्या गाळ्यावर सपाट पानांची दिसली तर तीच घ्या, पण कोथिंबीर समजून नव्हे. दोघी एकाच कुळातल्या, आणि जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर हेही त्याच कुळातले. लांबून फसायला होतं. पान चुरगळून वास घ्यायचा.

पार्सलीऐवजी कोथिंबीर घालू का, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. घाला. चांगला सॉस होईल. पण कोथिंबिरीचा गंध ज्या आल्डिहाइडांमुळे येतो ते चिरल्यावर लवकर उडून जातात किंवा बदलतात, व्हिनेगरमध्ये चार तासांनी ती मलूल लागते. पार्सली मुरते, कोथिंबीर थकते. म्हणून कोथिंबिरीचा सॉस केला तर आयत्या वेळी करा, व्हिनेगरऐवजी लिंबू पिळा, आणि त्याला चिमिचुरी म्हणू नका.

मुरणं हा शब्द आला, आणि खरी गंमत तिथेच आहे. या एका वाटीत चार-पाच गोष्टी आपापल्या वेगाने घडत असतात. लसणाचं काम मिनिटांत होतं. वाळलेल्या ओरेगॅनोला पाव तास लागतो. रंग तासांच्या हिशोबाने बदलतो आणि जंतूंचं गणित दिवसांत मोजायचं असतं. कोण कधी आत जाणार हे ठरवणं म्हणजेच कृती.

सुरुवात मिठापासून. तेलात मीठ विरघळत नाही. खात्री करायची तर चमचाभर तेलात चिमूट मीठ टाकून हलवत राहा, दहा मिनिटांनीही खडे तळाशी तसेच. म्हणून अर्जेंटिनात पुष्कळ जण 'साल्मुएरा' करून घेतात, म्हणजे साधं मिठाचं पाणी. जाळीवरच्या मांसावर ते शिंपडतात आणि सॉसमध्येही घालतात. पाव वाटी गरम पाण्यात एक चमचा मीठ विरघळवायचं आणि त्यातच दोन चमचे ओरेगॅनो आणि चमचाभर मिरचीचा चुरा भिजत टाकायचा. वाळलेलं पान पाण्यात फुगतं, तेलात फुगत नाही. कोरडा ओरेगॅनो थेट तेलात टाकला तर तो दुसऱ्या दिवशीही दाताखाली काडीसारखा येतो.

ओरेगॅनोबद्दल थोडं अवांतर. त्याचा वास मुख्यतः कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल या दोन द्रव्यांचा. यातलं थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याचा प्राण. अंगणात किंवा कुंडीत जो पानओवा असतो, जाड लुसलुशीत पानांचा, ज्याची भजी करतात, त्यातही हीच मंडळी. इंग्रजीत त्याला क्यूबन ओरेगॅनोच म्हणतात. एकदा घरात ओरेगॅनो संपला होता तेव्हा मी पानओव्याची दोन पानं अगदी बारीक चिरून घातली. जमलं. तिसरं पान घातलं असतं तर पोटदुखीचा काढा झाला असता.

ओरेगॅनो भिजतोय तोवर लसूण. इथे एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. दोन वाट्या घ्या, दोन्हींत दोन-दोन पाकळ्या बारीक चिरून टाका. एका वाटीत चिरल्या चिरल्या दोन चमचे व्हिनेगर, दुसरीत दहा मिनिटं थांबून तेवढंच व्हिनेगर. मग दोन्ही चाखा. पहिली वाटी नरम लागेल, दुसरी झोंबेल. कारण ॲलिनेजला आंबट मानवत नाही. व्हिनेगर इतकं आम्लधर्मी असतं की त्यात हे विकर थंड पडतं, पुढे ॲलिसिन बनतच नाही. पण एकदा बनून गेलेलं ॲलिसिन व्हिनेगरने लगेच जात नाही. म्हणजे लसणाचा स्वर किती ठेवायचा त्याचं बटण तुमच्या हातात आहे. चिकन किंवा भाज्यांसाठी मी लगेच व्हिनेगर घालते, मटणासाठी पाच मिनिटं थांबते. कधी कधी व्हिनेगरमध्ये लसणाचे तुकडे निळसर-हिरवे दिसायला लागतात, विशेषतः लसूण जुना असेल तर. आम्लात लसणाच्या गंधकयुक्त पदार्थांची जी साखळी चालते तिचा तो रंग. निरुपद्रवी आहे. चीनमध्ये तर मुद्दाम असा हिरवा लसूण मुरवतात.

व्हिनेगर कोणतं? रेड वाइन व्हिनेगर महाग पडतं. पांढरं सिंथेटिक व्हिनेगर म्हणजे नुसतं ॲसिटिक आम्ल आणि पाणी, त्याला धार आहे पण चव नाही. मला गोव्याचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर सर्वांत आवडलं. जरा गढूळ, मऊ, मागे किंचित गोडवा. ते मिळालं नाही तर ॲपल सायडर व्हिनेगरवर भागवते.

भिजलेला ओरेगॅनो पाण्यासकट, व्हिनेगरातला लसूण आणि चिरलेली पार्सली (दाबून भरलेली एक मोठी वाटी) एकत्र करायची, तीन मोठे चमचे व्हिनेगर होईल इतकं बघायचं, आणि मगच तेल, साधारण अर्धी वाटी. तेल शेवटी, कारण आधी घातलं तर पानांवर त्याचा थर बसतो आणि मीठ-आंबट आत शिरायला वेळ लागतो. तेलाचं काम वास धरून ठेवण्याचं. थायमॉल, कार्व्हाक्रॉल, मिरचीतलं कॅप्सेसिन, ही सगळी पाण्यात जेमतेम आणि तेलात सहज विरघळणारी. म्हणून तासाभराने तेच तेल नुसतं चाखलं तरी त्याला सगळ्यांची चव आलेली असते. फोडणीत आपण हेच काम आचेवर अर्ध्या मिनिटात उरकतो. इथे आच नाही, म्हणून वेळ द्यायचा. तास-दोन तास झाकून बाजूला.

आता रंग. हिरव्या रंगाचं द्रव्य म्हणजे क्लोरोफिल, त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला. आम्ल त्या अणूला हुसकावून लावतं आणि त्या जागी हायड्रोजन येऊन बसतो. जे उरतं ते फिओफायटिन, रंगाने खाकी. भेंडीच्या भाजीत आमसूल घातलं की ती काळपटते त्यामागेही हेच. चिमिचुरीत व्हिनेगर असल्यावर हे होणारच, प्रश्न फक्त कधी. दोन तासांत ती हिरवी असते, दुसऱ्या दिवशी ऑलिव्हसारखी. लग्नाच्या पंगतीतली चटणी संध्याकाळपर्यंत हिरवी ठेवण्यासाठी आचारी मिक्सरमध्ये बर्फ टाकतात किंवा पानं उकळत्या पाण्यातून क्षणभर काढून थंड पाण्यात घालतात. गार राहिल्याने आणि विकरं मेल्याने रंग टिकतो. चिमिचुरीला हे करू नये असं माझं मत आहे. उकळत्या पाण्यातून काढलेली पार्सली दिसते छान, पण तिचं ताजेपण पाण्यात जातं. शिवाय अर्जेंटिनातल्या खानावळीत टेबलावर जी बरणी असते तिच्यातली चिमिचुरी पुष्कळदा लालसर-तपकिरीच असते, वाळलेल्या पानांची. हिरव्याकंच रंगाचा हट्ट फोटो काढणाऱ्यांचा आहे. दुसऱ्या दिवशीची खाकी चिमिचुरी मला जास्त आवडते, तेव्हा लसूण निवलेला असतो आणि कुणीच एकटं पुढे येत नाही.

जंतूंचा भाग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लसूण जमिनीतून येतो, मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. हवा नाही, आम्ल कमी आणि ऊब अशी जागा मिळाली की ते वाढतात आणि विष तयार करतात. तेलात बुडालेला लसूण म्हणजे नेमकी बिनहवेची जागा. कॅनडात व्हँकूव्हरमध्ये 1985 साली एका रेस्टॉरंटमधल्या, तेलात साठवलेल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जणांना बोट्युलिझम झाला होता. या विषाला वास नाही, रंग नाही, चाखून कळत नाही. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली असेल तर हा जिवाणू वाढत नाही, आणि चिमिचुरीत व्हिनेगर असतं ही जमेची बाजू. पण घरी पीएच कोण मोजतं? म्हणून व्हिनेगरमध्ये हात आखडू नका, लसूण आधी व्हिनेगरमध्ये भिजवा, सॉस फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

लोणचं वर्षभर बाहेर राहतं मग हिला काय धाड भरलीय, असं आई म्हणालीच. लोणच्यात मीठ हिच्या कितीतरी पट असतं, शिवाय कैरीचा किंवा लिंबाचा स्वतःचा आंबटपणा. ते टिकवण्यासाठीच केलेलं असतं. चिमिचुरीत मीठ चवीपुरतं. बरणी सुंदर दिसते म्हणून ओट्यावर मांडून ठेवायचा मोह होतो, तो आवरायचा.

फ्रिजमध्ये ऑलिव्ह ऑइल थिजून पांढरट गोळे दिसतात. खराब झालेलं नसतं. खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. थंडगार सॉसला वासही नसतो, त्यामुळे सूर्यफुलाचं तेल असलं तरी बाहेर काढायचाच.

मांसाला ती आधी लावायची की नंतर? आपला हात आधीकडे वळतो, कारण तंदुरी, कबाब, सगळं मुरवूनच होतं. गोव्याचं काफ्रियालही असंच, कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण यांचं हिरवं वाटण चिकनला चोळून ठेवायचं. पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून ती चाल गोव्यात आली. तिथे वाटण हाच पदार्थाचा जीव. असादोत जीव आहे तो भाजलेल्या कडेत. मांसाचा पृष्ठभाग खरपूस तपकिरी व्हायला साधारण 140 अंशांपुढे तापमान लागतं. पृष्ठभाग ओला असेल तर पाणी उडेपर्यंत तो 100 अंशांवर अडकतो, म्हणजे मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं. आणि पाणी उडाल्यावर वरची पानं आणि लसूण जळून कडू होतात. म्हणून चिमिचुरी नंतर. मांस पुसून कोरडं करायचं, मीठ लावायचं, भाजायचं, जाळीवरून काढून पाच मिनिटं थांबायचं, मग गरम असतानाच वरून पळीभर. उष्णतेने सगळा वास एकदम वर येतो, तो क्षण पानावरच्या माणसाला मिळाला पाहिजे. थोडी चिमिचुरी भाजतानाही लावावीशी वाटली तर ती वेगळ्या वाटीत घ्या. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश पुन्हा मुख्य वाटीत बुडवला की वरची सगळी काळजी फुकट.

तिकडे ती मुख्यतः गोमांसावर आणि चोरिसो नावाच्या सॉसेजवर जाते. चोरिसो उभं चिरून पावात घातलं आणि वर चिमिचुरी ओतली की झालं 'चोरिपान'. फुटबॉल सामन्याबाहेरचा त्यांचा वडापाव. आपल्याकडे मटणाच्या चॉप्स, कातडीसकट चिकनची तंगडी, सुरमईची तुकडी, यांवर ती उत्तम बसते. चरबी असलेल्या गोष्टीला ती जास्त शोभते. चरबीचा थर जिभेवर बसतो, आंबटामुळे तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. बोनलेस चिकनच्या कोरड्या तुकड्यावर मात्र ती आंबट-आंबट लागते. तिथे व्हिनेगर थोडं कमी.

भाज्यांत माझी पहिली पसंती रताळ्याला. सालासकट अर्धं शिजवून, उभं कापून, जाळीवर काळे पट्टे येईपर्यंत भाजायचं. गोड, धुरकट, आणि वर ही आंबट-तिखट. मक्याच्या कणसाला लिंबू-मीठ-तिखटाऐवजी लावून पाहा. वांग्याचे काप स्पंजासारखे तेल पितात, म्हणून भाजताना नुसता तेलाचा हात फिरवायचा आणि चिमिचुरी ताटात. हुरड्याच्या आगटीत वांगी, बटाटे भाजणाऱ्यांना वेगळं सांगायची गरज नाही. अर्जेंटिनात चीजचा जाड तुकडा ओरेगॅनो घालून जाळीवर भाजतात, त्याला प्रोव्होलेता म्हणतात. पनीर तसं वितळत नाही, पण त्याचा जाड तुकडा तव्यावर दोन्हीकडून लाल करून वर चिमिचुरी घातली तर मांस न खाणाऱ्यांच्या पानातही काहीतरी ऐटीचं पडतं. घरात जाळी नसेल तर बिडाचा तवा चांगला धूर येईपर्यंत तापवा, खिडकी उघडा, चालतं.

चौथ्या दिवशी तळाशी चार चमचे उरतातच. बटाटे उकडून फोडी तव्यावर खरपूस करायच्या आणि गॅस बंद करून ते चार चमचे तेलासकट वर ओतायचे. आई मात्र तेवढं थांबत नाही. तिसऱ्याच दिवशी ज्वारीच्या भाकरीवर घेते, बाजूला बुक्की मारून फोडलेला कांदा, आणि दर वेळी सांगते की वाटली असती तर भाकरीला नीट लागली असती.